पंप गळायचा थांबला की येते

माकुणसारात कुणाच्याही घरी काहीही गळू लागलं, मग तो नळ असो, पत्रा असो की म्हशीची बादली, लोक म्हणत, "नरहरीभाऊंना बोलवा." कारण नरहरीभाऊंनी अख्खी नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत, सील बनवणाऱ्या एका कंपनीत काढली होती. पंपातला फिरणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर डोकावतो तिथून पाणी, तेल किंवा त्याहून वाईट काहीतरी बाहेर येऊ नये म्हणून जे बसवतात ते सील. "आमची सीलं कुठंकुठं लागलेली हायत, ऐकाल तर चाट पडाल," असं भाऊ लग्नाच्या पंगतीतही सांगत. एक बारीकशी गोष्ट मात्र सांगायची राहून जाई. भाऊ होते डिस्पॅचला. सील खोक्यात घालायचं, खोक्यावर पट्टी मारायची आणि खोकं गेटाबाहेर जाईपर्यंत त्याच्यावरची नजर हलवायची नाही, हे त्यांचं काम. पंपात बसलेलं सील त्यांनी कंपनीच्या कॅलेंडरवर तेवढं पाहिलं होतं.

हे त्यांनी लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

तर अशा या नरहरीभाऊंच्या स्वतःच्या वाडीतला पंप गळत होता. आज गळत होता असंही नाही, कित्येक वर्षं गळत होता. विहिरीच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली तो जुना पंप बसलेला, आणि त्याच्या शाफ्टापाशी थेंब थेंब पाणी पडून खाली कायमचा चिखल. त्या चिखलात आनंदीने अळू लावलं होतं. आनंदी म्हणजे भाऊंची बायको. भाऊ पहाटे डबा घेऊन बोईसरला निघाले की पानवेली, मोगरा, दोन चिकू आणि हा पंप असा सगळा संसार तिच्या ताब्यात असे. दर रविवारी भाऊ मोठ्या ऐटीत पान्हा घेऊन पंपाशी जात, शाफ्टाभोवतीच्या कॉलरचे, म्हणजे ग्लँडचे, नट आवळत, थेंब थांबला की "झालं काम" म्हणत, आणि पुढच्या रविवारी पंप पुन्हा गळत असे. यात कुणाचाच काही आक्षेप नव्हता.

मग मेघालीला मुलगी झाली. मेघाली ही भाऊंची एकुलती एक लेक, वापीला दिलेली. तिची रजा संपली, बाळाला बघायला कुणीतरी हवं म्हणून आनंदी थोडे दिवस जाते म्हणाली आणि गेली. थोडे दिवस म्हणजे किती, हे भाऊंनी विचारलं नाही. खरेदीदाराने माल कधी पोचेल ते विचारायचं असतं, पाठवणाऱ्याने नव्हे, अशी त्यांची जुनी शिस्त.

वापी काही लांब नाही. सफाळ्याहून गाडी धरली, वाटेत एकदा बदलली, की दुपारच्या जेवणाला माणूस लेकीकडे. पण जावयाच्या घरी न बोलावता कसं जायचं? आणि वेलींना पाणी कोण दाखवणार? ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की, आपल्याला करमत नाही हे सांगायला माणूस गाडीत बसून जातो, ही कल्पनाच भाऊंना सोसवत नव्हती. ते रोज संध्याकाळी ओटीवर बसून फोन लावत. मनात असे, "कधी येतेस?" तोंडातून निघे, "आमसुलाची बरणी कुठं ठेवलीस?" दुसऱ्या दिवशी, "वेलींना शेणखत कधी घालायचं?" तिसऱ्या दिवशी तर त्यांनी घरातल्या घरात समोर दिसत असलेली खवणी कुठे आहे ते विचारलं. घर इतकं शांत झालं होतं की फ्रीज बंद-चालू झाला तरी भाऊ दचकत. चहा सवयीने दोन कप होई आणि दुसरा कप ते थंड झाल्यावर पिऊन टाकत.

अशाच एका संध्याकाळी विचारायला काही उरलं नाही तेव्हा आनंदीनेच विचारलं, "अवो, पंप गळतोय का अजून?"

"गळतोय की."

"मग असं करा. पंप गळायचा थांबला की येते मी. त्या चिखलात गेल्या वर्षी माझा पाय घसरला होता, आठवतंय ना?" असं म्हणून ती हसली.

हसणं भाऊंना ऐकू आलं होतं. पण डिस्पॅचमध्ये गिऱ्हाइकाची अट लिहून घेतात, हसू लिहून घ्यायला रकाना नसतो. भाऊंनी अट तेवढी मनावर घेतली. त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी शीळ घालत आत गेले.

सकाळी त्यांनी पान्हा घेतला आणि ग्लँडचे नट आवळले. थेंब थांबला. रविवारी एवढ्यावर ते थांबत, पण आता प्रश्न मोठा होता, म्हणून त्यांनी आणखी आवळले. मग पान्ह्याला पाइप लावून, एक पाय भिंतीला टेकवून आणखी एकदा. पंप चालू केला. पंप आधी कण्हला, मग गरजला, आणि मग जिथून पाणी येत होतं तिथून धूर येऊ लागला. आतल्या दोरीचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. शाफ्टाभोवती वेटोळी घालून बसवलेली ती दोरी, तिला पाण्याचा ओलावा मिळत असतो तोवर ती जगते, हे भाऊंना त्या धुरातून कळलं.

धूर पाहून शेजारचा बन्सी कुंपण ओलांडून आला. बन्सीची पानवेलीची वाडी भाऊंच्या बांधाला लागून. सल्ला द्यायची वेळ आली की त्याला कुंपण दिसत नसे. त्याच्यामागून त्याची आई रंभाबाई हातातलं मोगऱ्याचं टोपलं तसंच घेऊन आली.

"भाऊ, तुमी सीलवाले, आणि तुमच्याच पंपाला धूर?" बन्सीने विचारलं.

"चाचणी चालू आहे," भाऊ म्हणाले.

"त्याला पुट्टी लावा," रंभाबाई म्हणाली. "माझ्या माठाला लावलेली, दोन उन्हाळे झाले, नाय गळत."

"माठ फिरत नाही, मावशी."

"मग पंप कशाला फिरवता एवढा?"

बन्सीने दोघांनाही हाताने थांबवलं. "आमच्या बापानं काय केलेलं, सांगू? आईचं जुनं सुती लुगडं घेतलं, पट्ट्या फाडल्या, ग्रीस लावून पिळल्या आणि ग्लँडात ठोकल्या. आठ वर्षं पंप चालला. काकीचं एखादं जुनेर काढा."

भाऊ आत गेले आणि त्यांनी आनंदीचं कपाट उघडलं. वरच्या खणात ठेवणीतल्या साड्या, खाली रोजच्या. सगळ्यात खाली एक निळी सुती साडी होती, काठ विरलेला, वाडीत नेसायची. भाऊंनी ती बाहेर काढली. तिला कापराचा, उन्हाचा आणि किंचित पानवेलीचा वास होता. कात्री शेजारीच होती. भाऊ साडी मांडीवर घेऊन पलंगावर बसले ते बसूनच राहिले. बाहेरून बन्सीने दोनदा "मिळालं का?" म्हणून हाक मारली. भाऊंना आनंदीची आठवण येत होती. इतकी, की ती साडी नेसून ती आत्ता दारात उभी राहिली आणि बोल लावू लागली असती तरी ते आनंदाने ऐकून घेणार होते. साडीची घडी घालायचा त्यांनी प्रयत्न केला. ती घडी न होता गाठोडं झालं. तेच त्यांनी जागेवर ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाही. सगळ्या साड्या नवीन आहेत."

मग भाऊ बोईसरला जाऊन ग्रेफाइटची नवी दोरी घेऊन आले. दुकानदाराने दोरीबरोबर सूचनेची चिठ्ठी दिली होती, तीत छापलं होतं की पंप चालू असताना थेंब थेंब गळती होऊ द्यावी, नाहीतर दोरी जळते. भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि रागाने चुरगळली. ज्या मालाबरोबर तो गळणार असं आधीच लिहून येतं, तो माल कसला? दोरी बसवली, पंप चालला, आणि चिठ्ठीत लिहिल्याबरहुकूम गळू लागला. खाली अळवाचं पान डुलत होतं. भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानेच आनंदीला अडवून ठेवलं होतं.

आता एकच उपाय उरला. खरं सील.

आणि खरं सील घरातच होतं. दिवाणखान्यात, टीव्हीच्या डोक्यावर, काचेच्या पेटीत, लाकडी बैठकीवर ठेवलेलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने भाऊंना हार घालून ते दिलं होतं. खाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव. चकचकीत स्टील, आत दोन कड्या: एक शाफ्टाबरोबर फिरणारी, दुसरी जागेवर बसून राहणारी. दोघी एकमेकींना अशा चिकटून असतात की मधून थेंबसुद्धा वाट काढू शकत नाही. पाहुणे आले की भाऊ पेटीवर टिचकी मारत आणि म्हणत, "जन्मात गळणार नाही." आनंदी दर शनिवारी पेटी पुसायची आणि पुसताना म्हणायची, "हे पंपाला लावलं असतं तर कामाला तरी आलं असतं."

बैठकीचे स्क्रू काढायच्या वेळी ओटीवर बरीच माणसं जमली. भाऊंच्या हातून खरं काम होताना बघायची गावाची ही पहिलीच वेळ होती. भाऊंनी घासलेल्या काळ्या कडीकडे बोट दाखवून बजावलं, "या बाजूला कुणी हात लावायचा नाही. केसाएवढी चीर पडली तरी संपलं." ही सूचना त्यांनी जन्मभर खोक्यांवर चिकटवली होती. ऐकून सगळ्यांनी मान डोलावली आणि एकेकाने बोट लावून बघितलं. "गुळगुळीत हाय हो," रंभाबाई म्हणाली. तिच्या बोटाला मोगऱ्याची माती होती.

भाऊ ओरडणार होते, पण तेवढ्यात कडी त्यांच्या हातात उलटी झाली. मागच्या बाजूला, काचेच्या पेटीतून कधीच दिसली नसती अशा जागी, तांबड्या रंगाचा एक ठिपका होता.

बन्सीने विचारलं, "हे काय?"

"कंपनीची खूण," भाऊ म्हणाले आणि कडी फडक्यात गुंडाळली.

खूण कंपनीचीच होती. तांबडा ठिपका म्हणजे रिजेक्ट. तपासणीत नापास झालेला माल. असा माल चुकूनही गेटाबाहेर जाऊ नये म्हणून भाऊंनी जन्मभर जिवाचं रान केलं होतं. एकही ठिपका कधी सुटला नव्हता. सुटला तो एकच, आणि तो ते स्वतः छातीशी धरून, गळ्यात हार घालून, टाळ्यांच्या गजरात बाहेर घेऊन आले होते.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कंपनीच्या गेटावर उभे राहिले. म्हणणं साधं होतं: हे घ्या, चांगलं द्या. निदान कडी तरी पुन्हा घासून द्या.

"किससे मिलना है, अंकल?" गेटावरचा पहारेकरी नवा होता.

"डिस्पॅचमें. किसीसे भी."

"नाम बताइए."

भाऊंनी नावं सांगितली. एकेक नाव ऐकून पहारेकरी मान हलवत गेला. कुणी निवृत्त झालं होतं, कुणी दुसरीकडे गेलं होतं, एक वारला होता, हे भाऊंना तिथंच कळलं. शेवटी पहारेकऱ्याचं लक्ष पिशवीकडे गेलं. "ये अंदर नहीं जाएगा. सील का कागज दिखाइए. बिना कागज के एक भी सील अंदर-बाहर नहीं."

"अरे, पण ये तुम्हाराच माल है!"

"रूल है, अंकल. कोई पुराने साहब बना के गए. बहुत कड़क आदमी था, कहते हैं."

रूल भाऊंनीच बनवला होता. त्यांना आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. तो कडक माणूस मीच, हे सांगायचा मोह झाला, पण मग तो तांबडा ठिपकाही दाखवावा लागला असता. ते समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. पाळी सुटली, माणसं बाहेर आली, कुणी ओळखीचं नव्हतं. एक ट्रक बाहेर पडला. त्याच्या मागची दोरी सैल बांधली होती, ते बघून भाऊंचा हात आपोआप वर झाला. ट्रक निघून गेला. अशा वेळी घरी जाऊन कुणाला तरी सांगायचं असतं, आणि त्या कुणाची तरी अट पुरी व्हायची होती.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. भाऊंनी आणि बन्सीने मिळून ते सील पंपात बसवलं. पानवेली दोन दिवस बन्सीच्या पाण्यावर होत्या, आणि ते पाणी देताना बन्सी प्रत्येक सरीला एक सल्ला देत होता. भाऊंनी कडी फडक्याने पुसली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पंप चालला. भाऊ ओणवे झाले. शाफ्ट फिरत होता आणि त्याच्याखालचं लोखंड कोरडं होतं. ठणठणीत कोरडं. बन्सीने बोट फिरवून बघितलं. "भाऊ, मानलं," तो म्हणाला, आणि हे त्याने याआधी कुणालाही म्हटलेलं नव्हतं.

भाऊंनी वापीला व्हिडिओ लावला. पडद्यावर आधी जावईबापू, केदार, आला, त्याच्या कडेवर छोटी स्वरा, मागे मेघाली, आणि मग मुलीच्या खांद्यावरून आनंदीचा चेहरा. भाऊंनी तो चेहरा पाहिला आणि बोलायचं ते विसरले.

"काय झालं?" आनंदीने विचारलं.

"बघ," भाऊ म्हणाले, आणि फोन पंपाच्या अगदी जवळ नेला. "एक थेंब नाय."

एक थेंब नव्हताच. जे आलं ती धार होती. आत काहीतरी कट्कन मोडलं आणि शाफ्टापासून चौफेर फवारा उडाला. भाऊंचा चष्मा गेला, बन्सी मागे केळीत जाऊन बसला, आणि फोन भाऊंच्या हातातून सुटून अळवात पडला. तिथून त्याच्यातून थोडा वेळ केदारचा आवाज येत राहिला, "बाबा, बटण बंद करा! बटण!" मग तोही बुडाला.

बन्सीने बटण बंद केलं. भाऊ चिखलात बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत ओले, मिशीतून पाणी टपकत होतं. बन्सीला हसू येत होतं, पण भाऊंकडे नीट पाहिल्यावर ते त्याने गिळलं आणि स्वतःचा फोन त्यांच्या पुढ्यात धरला. "काकीला कळवा, बरे हाव म्हणून. ती घाबरली असंल." आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो सल्ला न देता कुंपणापलीकडे गेला.

आनंदीने पहिल्या रिंगला उचलला. "लागलं नाय ना कुठं?"

"नाय," भाऊ म्हणाले. मग त्यांना थांबता येईना. "आनंदी, ते सील रिजेक्टचं होतं. मागं तांबडा ठिपका हाय. एवढी वर्षं टीव्हीवर ठेवलं, तू दर शनिवारी पुसलंस, आणि ते रिजेक्टचं होतं. गेटावर गेलो, मला कुणी आत घेतलं नाय. दोरी घातली तर ती गळते, सील घातलं तर ते फुटतं. मी सगळं करून बघितलं. हा पंप गळायचा नाय थांबायचा, आनंदी. मग तू नाय यायचीस का?"

पलीकडे स्वरा कुरकुरत होती. मग आनंदी म्हणाली, "आधी डोकं पुसा," आणि तिने फोन ठेवला.

भाऊंनी डोकं पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सील काढलं, ग्रेफाइटची दोरी पुन्हा घातली, कारण वेलींना पाणी तर द्यायलाच हवं होतं. पंप चालला. थेंब पडू लागला. भाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले. दुपारी सफाळ्याकडून येणारी टमटम वाडीच्या तोंडाशी थांबली आणि कुणीतरी म्हणालं, "पिशवी धरा की जरा, बघत काय बसलात?"

आनंदी होती. भाऊ इतक्या झटक्यात उठले की चिखलात त्यांचाच पाय घसरला. सावरून ते तिच्यासमोर उभे राहिले आणि एखादा गुन्हा कबूल करावा तसं म्हणाले, "गळतोय अजून."

"दिसतंय." ती पंपाशी गेली, वाकली, अळवाची पानं चाचपली. "नशीब. माझं अळू वाळवलं असतंत तुमी. अवो, रविवारी तुमी नट आवळायचात ना, ते सोमवारी कोण सैल करायचं?"

"कोण?"

"भूत," आनंदी म्हणाली. "पंप तापायचा, तुमी बोईसरला, नायतर रिटायर झाल्यावर दुपारच्या झोपेत. शिवाय या अळवाला पाणी कुठनं मिळायचं?"

भाऊंनी आपले सगळे रविवार डोळ्यांसमोरून जाऊ दिले. मग त्यांना मुख्य मुद्दा आठवला. "मग ती अट कशाला घातलीस?"

आनंदीने पदराने तोंड पुसलं. ती आता हसत नव्हती. "मेघालीच्या सासूबाई येऊन किती दिवस झाले. बाळाचं सगळं त्याच बघतात. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. रोज संध्याकाळी फोन वाजला की वाटायचं, आज म्हणतील. तर तुमी आमसुलं विचारा, खत विचारा, खवणी विचारा. खवणी तर त्या खिळ्यालाच टांगलेली! मी म्हटलं, बघू, पंपाचं नाव काढलं की तरी म्हणतील, 'राहू दे तो पंप, तू ये.' तर तुमी पंपच उघडून बसलात."

भाऊ पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. पंपाचा थेंब अळवाच्या पानावर पडत होता आणि पानावरून खाली घरंगळत होता.

"मग आता म्हणा," आनंदी म्हणाली.

"आता काय? आता तर आलीसच तू."

"तरी म्हणा."

भाऊंनी कुंपणाकडे पाहिलं. तिथं केळीच्या पानांमागे बन्सी आणि रंभाबाई श्वास रोखून उभी होती, आणि ती दोघं दिसत होती. भाऊंचे कान लाल झाले. त्यांनी घसा खाकरला.

"ये," ते म्हणाले. "मला करमत नाय."

"आले," आनंदी म्हणाली, आणि रात्रीच्या भाजीसाठी अळू कापायला खाली वाकली.